हवं होतं तेच सापडलं, तेव्हा

८ मे २०२५. भारतात मध्यरात्र उलटली होती आणि इथे डब्लिनमध्ये संध्याकाळचे आठ वाजले होते. बाहेर चक्क ऊन होतं आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर युद्ध बघत होते. सांगलीचा काका टीव्हीसमोर मोबाईल धरून एकामागून एक क्लिप पाठवत होता. कराची बंदर उद्ध्वस्त, अमुक शहर ताब्यात, तमुक ठिकाणी स्फोट. सोबत त्याचा प्रश्न, "तिकडच्या चॅनलवर दाखवतायत का गं?"

तिकडच्या चॅनलवर काहीच नव्हतं, कारण त्यातलं बरंचसं घडलंच नव्हतं. कराची बंदर जागेवर होतं. त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भारतीय वाहिन्यांवर दिसलेली कित्येक दृश्यं दुसऱ्याच देशातली किंवा दुसऱ्याच वर्षातली निघाली. इस्रायलच्या 'आयर्न डोम'चं जुनं फुटेज जैसलमेरचं म्हणून दाखवलं गेलं होतं. नंतर काकाने मला विचारलं, "एवढी मोठी चॅनलं. यांना एक व्हिडिओ तपासता येत नाही होय?"

एपिसोडमध्ये या प्रश्नाला आम्ही पाचच मिनिटं दिली, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. 'टीआरपीसाठी करतात' हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. अशा चुका टीआरपीची घाई नसतानाही होतात, तपासायला भरपूर वेळ असतानाही होतात. त्याची दोन चांगली उदाहरणं आयर्लंडशी जोडलेली आहेत आणि दोन्ही २०११च्या शरद ऋतूतली, एकमेकांपासून महिनाभराच्या अंतरावरची.

पहिलं उदाहरण ब्रिटनच्या आयटीव्हीचं. २६ सप्टेंबर २०११ला त्यांनी गद्दाफी आणि आयआरए यांच्या संबंधांवर एक माहितीपट दाखवला. लिबियाच्या गद्दाफीने आयआरएला शस्त्रं पुरवली, हा इतिहास खरा आहे. जून १९८८मध्ये दक्षिण आर्मामध्ये आयआरएने ब्रिटिश लष्कराचं लिंक्स हेलिकॉप्टर गोळीबार करून खाली उतरवायला भाग पाडलं, हेही खरं आहे. त्या प्रकारच्या हल्ल्याचं दृश्य म्हणून माहितीपटात एक क्लिप आली. तिच्यावर १९८८ची 'आयआरए फिल्म' असं लिहिलेलं होतं. अंधुक चित्र, हलता कॅमेरा, मशीनगन, आकाशात हेलिकॉप्टर.

ती क्लिप 'आर्मा २' या व्हिडिओ गेममधली होती. चेक कंपनी बोहेमिया इंटरॅक्टिव्हने हा गेम २००९मध्ये बाजारात आणला होता. म्हणजे १९८८चं म्हणून दाखवलेलं दृश्य त्यानंतर एकवीस वर्षांनी आलेल्या गेममधलं होतं! गेम खेळणाऱ्या प्रेक्षकांनी ते लगेच ओळखलं. आयटीव्हीने माफी मागितली आणि कार्यक्रम वेबसाइटवरून काढला. ब्रिटनची प्रसारण नियामक संस्था ऑफकॉम हिने जानेवारी २०१२मध्ये ठपका ठेवला, की यात प्रेक्षकांची दिशाभूल झाली आहे आणि त्यांच्या विश्वासाला मोठा तडा गेला आहे.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून सगळे हसतात. पण चौकशीत ही चूक कशी झाली ते बाहेर आलं, आणि माझ्या मते शिकण्यासारखं सगळं तिथे आहे. दिग्दर्शकाने खरं फुटेज आधी पाहिलेलं होतं. एका जुन्या ब्रिटिश कार्यक्रमात हेलिकॉप्टरवरच्या हल्ल्याचं फुटेज दाखवलं गेलं होतं. त्याला त्याचीच जास्त पूर्ण आवृत्ती हवी होती. त्याने इंटरनेटवर शोधलं, आणि हवी होती तशीच एक क्लिप मिळाली.

म्हणजे तो निष्काळजी अडाणी माणूस नव्हता. उलट त्याला विषयाची माहिती होती, आणि त्या माहितीनेच घात केला. असं फुटेज आहे हे त्याला माहीत होतं, ते कसं दिसतं हे साधारण आठवत होतं, आणि समोर आलेली क्लिप त्या आठवणीवर चपखल बसली. आपल्याला जे नको असतं ते आपण चार वेळा तपासतो. जे हवं असतं ते सापडलं की 'मिळालं एकदाचं' म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. शोध जिथे संपला तिथून तपास सुरू व्हायला हवा होता, पण तो तिथेच संपला.

आता दुसरं उदाहरण. २४ ऑक्टोबर २०११, आयर्लंडची राष्ट्रपतिपदाची निवडणूक तीन दिवसांवर आलेली. सार्वजनिक वाहिनी आरटीईवर 'द फ्रंटलाइन' या कार्यक्रमात उमेदवारांचा शेवटचा मोठा वादविवाद चालू होता. जनमत चाचण्यांत शॉन गॅलघर हा उद्योजक बराच पुढे होता. एका देणगीच्या चेकवरून त्याला प्रश्न विचारले जात होते. तेवढ्यात निवेदक पॅट केनी यांनी एक ट्वीट वाचून दाखवलं. दुसरे उमेदवार मार्टिन मॅकगिनेस यांच्या प्रचारचमूकडून आलेलं, असं सांगून. मजकूर असा, की ज्या माणसाकडून गॅलघर यांनी चेक घेतला तोच उद्या पत्रकार परिषदेत येणार आहे. गॅलघर गडबडला, उत्तर देताना अडखळला.

ते ट्वीट मॅकगिनेस यांच्या चमूचं नव्हतंच. ते एका अनधिकृत खात्यावरून आलं होतं. तीन दिवसांनी मायकल डी. हिगिन्स निवडून आले आणि गॅलघर दुसऱ्या क्रमांकावर राहिला. ट्वीट नसतं तर निकाल बदलला असता का, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि मीही सांगणार नाही.

इथे व्हिडिओ नाही, पण चूक त्याच जातीची आहे. आयटीव्हीने चुकीच्या चित्राला बरोबर तारीख लावली, आरटीईने खऱ्या ट्वीटला चुकीचं नाव लावलं. दोन्हीकडे वस्तू समोर होती आणि तिच्यावरची चिठ्ठी खोटी होती. आणि दोन्हीकडे ती चिठ्ठी चालू असलेल्या गोष्टीत नेमकी बसत होती, म्हणून कोणी ती उलटून पाहिली नाही.

आरटीईच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. हे ट्वीट आमचं नाही, असं मॅकगिनेस यांच्या अधिकृत खात्याने कार्यक्रम चालू असतानाच सांगितलं होतं. तरी ते पडद्यावर सांगितलं गेलं नाही. मार्च २०१२मध्ये आयर्लंडच्या प्रसारण प्राधिकरणाने गॅलघर यांची तक्रार मान्य केली, ती दोन्ही मुद्द्यांवर: ट्वीट पडताळलं नाही, आणि नंतर खुलासाही केला नाही. पुढे २०१७मध्ये आरटीईने त्यांची माफी मागितली आणि भरपाई देऊन दावा मिटवला. सहा वर्षांनी! चूक एका मिनिटाची होती, ती दुरुस्त करायची संधी त्याच संध्याकाळी होती.

गंमत म्हणजे असले व्हिडिओ पडताळायचा धंदाही याच गावात सुरू झाला. आरटीईचे माजी पत्रकार मार्क लिटल यांनी २०१०मध्ये डब्लिनमध्ये 'स्टोरीफुल' ही कंपनी काढली. सोशल मीडियावरचे व्हिडिओ खरे आहेत का हे तपासून ते वृत्तसंस्थांना द्यायचे, हे तिचं काम. २०१३च्या डिसेंबरमध्ये न्यूज कॉर्पने ती १.८ कोटी युरोंना विकत घेतली. असं काम करणारे लोक जे प्रश्न विचारतात ते अगदी साधे असतात. हा व्हिडिओ सगळ्यात आधी कोणी टाकला? तो माणूस तिथे होता का? जागा कोणती? वेळ कोणती? सावल्या, हवामान, दुकानांच्या पाट्या त्या वेळेशी जुळतात का? 'हे खरं वाटतं का' असा प्रश्न त्यात नसतो. वाटण्यावर भरवसा ठेवायचाच नाही, असा तो शिरस्ता आहे.

हे तुम्हीही करू शकता. व्हिडिओ थांबवा, दोन-तीन ठळक फ्रेमचे स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाका. तेच दृश्य घटनेच्या आधीच्या तारखेला सापडलं की विषय संपला. गेमच्या क्लिपसाठी तर खुद्द बोहेमियानेच नोव्हेंबर २०२२मध्ये खुणा सांगितल्या, कारण 'आर्मा ३'ची दृश्यं जगभर युद्धाच्या बातम्यांत फिरत होती. २०२१मध्ये काही भारतीय वाहिन्यांनी ती अफगाणिस्तानातल्या पंजशीरची म्हणून दाखवली होती. खुणा अशा: चित्र फार अस्पष्ट, कॅमेरा हलता, बहुधा रात्र, आवाज नाही, आणि हालचाल करणारी माणसं जवळजवळ दिसतच नाहीत.

आणि तुमच्याकडे एक हत्यार आहे जे काकाकडे नाही. तुम्ही इथे राहता. २३ नोव्हेंबर २०२३ला डब्लिनमध्ये दंगल झाली, बस आणि लुआस ट्राम जळाल्या, तेव्हा घरून मला पाच-सहा व्हिडिओ आले. "हे तुझ्या घराजवळचं आहे का?" एका क्लिपमधल्या गाडीची नंबरप्लेट मला दिसली, आणि ती आयर्लंडची नव्हती. इथल्या प्लेटवर आधी वर्षाचा आकडा, मग काउंटीचं अक्षर, मग नंबर. रस्त्यावरच्या पाट्यांवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश आणि खाली इंग्रजी. धोक्याच्या पाट्या पिवळ्या आणि चौकोन टोकावर उभा केल्यासारख्या, ब्रिटनसारख्या लाल कडेच्या त्रिकोणी नाहीत. पोलिसांच्या जाकिटावर 'गार्डा'. या गोष्टी आपण रोज कॉलेजला जाताना बघतो, त्यांना ज्ञान म्हणत नाही. पण तेच ज्ञान आहे. तुम्ही टोरंटोत असाल, म्युनिकमध्ये असाल, तर तुमच्याही गावाची अशी यादी तुमच्याकडे आहेच.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. १९ जुलै २०२५ला डब्लिनच्या टॅला उपनगरात एका भारतीय माणसावर टोळक्याने हल्ला केला. तो आयर्लंडला येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. हल्ल्यानंतर ऑनलाइन त्याच्यावरच घाणेरडे आरोप फिरू लागले. त्यांना काही आधार नसल्याचं पोलिसांकडून स्पष्ट झालं, पण तोवर ते पसरले होते. ज्यांना परदेशी माणसाबद्दल तसंच ऐकायचं होतं, त्यांना हवं तेच सापडलं होतं. ती चिठ्ठी उद्या तुमच्या किंवा माझ्या फोटोखाली लागू शकते.

म्हणून दुसऱ्याचं उलटून पाहताना स्वतःचंही पाहायला हवं. एखादी क्लिप बघून 'बघा, मी म्हणत होते ना!' असं वाटलं, की मी आता मुद्दाम थांबते. राग आला तर थांबणं सोपं असतं, समाधान वाटलं की अवघड जातं.

काकाला मी हे फोनवर सगळं सांगितलं, गेमसकट. तो भरपूर हसला. मग म्हणाला, "म्हणजे त्या रात्री मला ते खरं असायला हवं होतं, असं तुझं म्हणणं." मी म्हटलं, "हो काका." तो जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने ग्रुप उघडला, त्या रात्रीच्या आपल्याच क्लिपपर्यंत मागे गेला आणि खाली लिहिलं, "हे खरं नव्हतं. चुकून पाठवलं होतं." एकाही चॅनलला इतक्या कमी शब्दांत हे जमलेलं मी पाहिलेलं नाही.