पाळणाघर चालविणाऱ्या भगिनींचा थकवा

आपल्या रुग्णालयाच्या परिसरात, म्हणजे कसबा पेठेत, घरच्या घरी पाळणाघर चालविणाऱ्या अनेक भगिनी आहेत. बाह्यरुग्ण विभागात त्या येतात त्या पाठदुखी, डोकेदुखी किंवा निद्रानाशाची तक्रार घेऊन. कामाचा ताण हे कारण त्या सहसा सांगत नाहीत. घरी राहून मुले सांभाळणे हे काम आहे, असे पुष्कळदा त्यांच्या घरातही कोणी मानीत नाही. आमच्या काही परिचारिका आपली मुले अशाच पाळणाघरांत सोपवून कामावर येतात. म्हणून या अहवालात हा विषय घेणे आम्हास अगत्याचे वाटले.

कामामुळे येणाऱ्या पराकोटीच्या शिणाला ‘बर्नआउट’ ही संज्ञा मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मधील आपल्या लेखातून रूढ केली. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणारी माणसेच त्यांनी खचताना पाहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची तीन लक्षणे नमूद केली. मात्र तिला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले. पहिले लक्षण शक्तिपात: सकाळी दाराची पहिली घंटा वाजताच अंगातील बळ गेल्यासारखे वाटते. तिसरे, आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. दुसरे लक्षण मात्र लपविले जाते. एरवी जीव लावलेल्या मुलाच्या रडण्याने मनात काहीच हलत नाही, किंवा त्याच्यावर खेकसले जाते आणि मग रात्रभर अपराधी वाटत राहते. ‘मी मुलांना कंटाळले’ हे वाक्य उच्चारणे या भगिनींना फार जड जाते.

आमच्या मते याचे मूळ त्यांच्या स्वभावात शोधू नये, तासांच्या हिशेबात शोधावे. आई-वडील हिंजवडी किंवा खराडीला नोकरीस असतील, तर मूल सकाळी साडेआठला येते आणि सायंकाळी साडेसातला जाते. हे अकरा तास झाले. पाच दिवसांचे पंचावन्न. शनिवारी अर्धा दिवस धरला तर आठवडा साठ तासांच्या घरात जातो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगारांसाठी आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिली, आणि स्त्रीकामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराचीही तरतूद केली. घरातील पाळणाघर चालविणारीच्या तासांची मोजदाद मात्र कोणी करीत नाही. दोन वर्षांचे मूल साधारण १२ किलोचे असते. ते दिवसातून वीस वेळा उचलले तर २४० किलो वजन होते. पाठ दुखणारच.

आमच्या वॉर्डात बदली परिचारिका आल्याखेरीज पहिली जागा सोडत नाही. जुन्या वाड्यात अशी बदली आपोआप मिळे. चौकात खेळणाऱ्या मुलाकडे ओसरीवरचे कोणी ना कोणी पाहत असे. आज अनेक वाड्यांच्या जागी इमारती आल्या आहेत, आणि बंद दाराआड एकटी बाई पाच-सहा मुलांसह असते.

थकवा हा केवळ मनाचा आहे असे गृहीत धरू नये. प्रथम हिमोग्लोबिन, थायरॉइड व रक्तशर्करा तपासून घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. चाळिशीपुढे रजोनिवृत्तीच्या तक्रारीही यात मिसळतात.

त्यानंतर वेळेचा बंदोबस्त करावा. मूल नेण्याची वेळ, उशिराचा आकार, वार्षिक सुट्टी, आणि तापाच्या मुलास न आणण्याचा नियम प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावा. शेजारधर्मात पैशाची भाषा कशी करावी, हा संकोच आम्ही जाणतो; पण तोंडी ठरलेली वेळ पाळली जात नाही, हा आमचाही अनुभव आहे. गणेशोत्सवात पेठेतील रस्ते बंद होतात. त्या दिवसांचे वेळापत्रक आधीच ठरवावे. जवळपासच्या दोघींनी आळीपाळीने एकमेकींची मुले सांभाळून महिन्यातून एक दिवस मोकळा करून घेतल्यास बदलीची सोय होते. अर्थात त्या दिवशी मुलांची संख्या झेपेल इतकीच असावी. संध्याकाळच्या स्वयंपाकाचा भार घरातील इतरांनी उचलावा, हे पुरुष वाचकांसाठी मुद्दाम लिहीत आहोत.

रडणाऱ्या तान्ह्या मुलास रागाने हलवावेसे वाटू लागले, तर त्यास पाळण्यात सुरक्षित ठेवून क्षणभर बाजूला व्हावे व कोणास तरी हाक मारावी. जोराने हलविल्याने बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप व भूक गेली, तर मनोविकारतज्ज्ञांस दाखवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. जीव नकोसा वाटत असल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच वेळी दूरध्वनी करावा.