वृद्धाश्रम पाहताना

मंडळी, नागपूरच्या प्रतापनगरासारख्या वस्तीत वृद्धाश्रम पाहायला गेलात, तर अंगणातल्या तुळशीवर समाधान मानून परतू नका. आधी न्हाणीघर पाहा. ओल्या फरशीवर म्हातारा माणूस घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि मग पुष्कळांचे खाटेवरून उठणे होत नाही.

आईवडिलांच्या व ज्येष्ठांच्या पोषणाचा कायदा 2007 साली झाला. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम सरकार काढू शकेल, असे त्यात आहे. 'काढलाच पाहिजे' असे नाही, बरं का! केंद्राच्या नमुना-नियमांत निजण्याच्या खोलीत माणशी 7.5 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 81 चौरस फूट जागा धरली आहे. शिवाय उतार आणि धरायला कठडे.

आता नागपूरचा उन्हाळा. पारा 45 अंशांवर जातो, आणि उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. तेव्हा माठ भरलेला असून भागत नाही; पाणी हातात आणून कोण देतो, ते विचारा. रात्री जागे कोण असते, तेही विचारा. आणि एखाद्या दुपारी, न कळवता, पुन्हा जाऊन या.