आयआयटीची पूर्वतयारी : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

गेल्या मे महिन्यात, सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, सहाव्या इयत्तेत जाणाऱ्या आपल्या कन्येला घेऊन एक शेतकरी गृहस्थ माझ्या दारी आले आणि गुळगुळीत कागदावर छापलेले एका क्लासचे माहितीपत्रक त्यांनी माझ्या हाती दिले. इयत्ता सहावी ते बारावी अशा सात वर्षांच्या ‘आयआयटी फाउंडेशन’ अभ्यासक्रमाचे ते पत्रक होते, आणि त्यातील फीच्या आकड्याखाली त्यांनी स्वतः पेन्सिलीने रेघ ओढली होती. “गुरुजी, आत्ताच घातली नाही तर पोरगी कायमची मागं पडंल म्हणतात. पहिला हप्ता शनिवारच्या आत भरायचाय. तुम्ही म्हणाल तसं करतो,” असे ते म्हणाले. तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकविण्यात गेल्यामुळे असे प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतात. परंतु त्यांचे उत्तर दारात उभ्याने देण्याजोगे नसते, म्हणून ते येथे सविस्तर मांडीत आहे.

त्या गृहस्थांची भीती निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९५१ साली खरगपूरजवळील हिजली येथे, जेथे इंग्रजी अमदानीत राजबंद्यांना डांबून ठेवीत त्या इमारतीत, पहिली आयआयटी सुरू झाली; १९५८ साली पवईची संस्था निघाली; आणि आज अशा तेवीस संस्था देशात आहेत. तरीही २०२४ साली त्या सर्व संस्थांत मिळून पदवीच्या जागा होत्या १७,७४०, आणि पहिली पायरी असलेल्या जेईई मेन या परीक्षेस बसलेले विद्यार्थी होते चौदा लाखांहून अधिक. त्यांपैकी सुमारे अडीच लाखांना दुसऱ्या पायरीस, म्हणजे जेईई ॲडव्हान्स्डला, बसण्याची मुभा मिळते. त्या वर्षी १,८०,२०० जणांनी ती प्रत्यक्ष दिली आणि ४८,२४८ उत्तीर्ण ठरले. जेथे उत्तीर्णांनाही जागा पुरत नाहीत, तेथे पालकाचे मन अस्वस्थ होणे स्वाभाविकच आहे. प्रश्न एवढाच, की त्या अस्वस्थतेवर जो उपाय म्हणून विकला जातो, तो खरोखर उपाय आहे काय.

सहावीपासून आरंभ न केल्यास संधी हुकते, ही समजूत सर्वांत खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः या दोन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी आणि बारावीच्या भौतिक, रसायन व गणित या विषयांचा आहे, आणि तो समजण्यास लागणारी बीजगणिताची व भूमितीची पायाभरणी शाळेतील आठवी ते दहावीच्या पुस्तकांत आहे. शिवाय परीक्षा ही काही दगडावर कोरलेली वस्तू नव्हे. जून २०१७ मध्ये सहावीत प्रवेश केलेला मुलगा २०२४ साली परीक्षेस बसला, असे धरू. त्या सात वर्षांत ॲडव्हान्स्डची परीक्षा २०१८ पासून पूर्णतः संगणकावर आली. २०१९ पासून मेनची व्यवस्था राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे, म्हणजे एनटीएकडे, जाऊन ती वर्षातून दोनदा होऊ लागली. लहान वर्गांच्या क्लासमध्ये जिचा फार बोलबाला असे ती एनटीएसई शिष्यवृत्ती २०२१ साली थांबली. २०२३ साली ॲडव्हान्स्डचा अभ्यासक्रम बदलला आणि २०२४ साली मेनच्या अभ्यासक्रमातून अनेक घटक वगळले गेले. ॲडव्हान्स्डमध्ये तर प्रश्नांची संख्या, प्रकार आणि गुणपद्धती यांत वर्षागणिक फेरफार होत असतो. तेव्हा अकरा वर्षांच्या मुलाकडून जो ‘पॅटर्न’ घोटून घेतला जातो, तो परीक्षेच्या दिवशी अस्तित्वात असेल अशी हमी देण्याचा अधिकार कोणासही नाही. केंद्रीय शिक्षण खात्याने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यास दाखल करू नये, प्रवेश माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच द्यावा, आणि विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या मुदतीची फी दहा दिवसांत परत करावी, असे स्पष्ट नमूद आहे. त्यांची अंमलबजावणी राज्यांवर सोपविलेली आहे. परंतु हप्ता भरण्यापूर्वी ही कलमे प्रत्येक पालकाने समोरच्याला अवश्य दाखवावीत.

मग लवकर सुरू करण्याजोगे काहीच नाही काय? आहे, आणि तेच या विषयातील माझ्या आस्थेचे खरे स्थान आहे. क्लासमधून ‘पुढचे’ शिकून आलेली नववीतील मुले मी अनेक वर्षे पाहिली आहेत. भिंगाचे सूत्र त्यांना मुखोद्गत असते. परंतु त्या सूत्रातील व्युत्क्रमांची बेरीज करून प्रतिमेचे अंतर काढण्याची वेळ आली, की ती नाभीय अंतर आणि वस्तूचे अंतर यांची सरळ बेरीज करून मोकळी होतात, कारण एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळविले असता एक सप्तमांश का होत नाही, हे पाचवी-सहावीत त्यांच्याकडून कोणी भाकरीचे तुकडे करवून घेऊन समजावलेले नसते. अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी, ऋण संख्या, अक्षरांची बेरीज-वजाबाकी, समरूप त्रिकोण, आलेख वाचण्याची सवय, एवढी सामग्री ज्याच्याजवळ पक्की आहे त्याला अकरावीतील गतिशास्त्र परके वाटत नाही. आणि ज्याच्याजवळ ती नाही, त्याने सहावीत सदिशांची नावे पाठ केली तरी ती त्याच्या कामी येत नाहीत. त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, ती म्हणजे एकाच उदाहरणापाशी अर्धा-पाऊण तास, उत्तर न पाहता, न कंटाळता बसण्याची सवय. ही सवय दर रविवारच्या चाचणीने आणि त्या चाचणीत लागणाऱ्या क्रमांकाने वाढत नाही, उलट मोडते. कारण तेथे तीन मिनिटांत न सुटलेले उदाहरण सोडून देण्याचे शिक्षण मिळते, जे सतराव्या वर्षी उपयुक्त आणि अकराव्या वर्षी घातक असते. मुलाला रोज अर्धा तास मराठी वा इंग्रजी उताऱ्याचे सावकाश वाचन करू द्यावे, हे सांगितले तर पालकांना ते विषयांतर वाटते. परंतु प्रश्नच नीट न वाचल्यामुळे बुडालेले गुण मी जितके पाहिले आहेत, तितके सूत्र विसरल्यामुळे बुडालेले पाहिलेले नाहीत.

याच्याशी निगडित असा एक छोटा भ्रम पदकांविषयीचा आहे. शालेय शिष्यवृत्ती परीक्षा, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, यांतील यश मुलाला आनंद देते, ते घ्यावे. पण सर्वसाधारण आयआयटी प्रवेशात त्याचा एक गुणही धरला जात नाही, मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही. अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रवेशाविषयी ऐकीव माहिती इकडे लावण्याने हा घोटाळा झाला आहे. अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबाने मात्र आठवीतील एनएमएमएस परीक्षा चुकवू नये. तीत निवड झाल्यास नववी ते बारावी दरसाल बारा हजार रुपये मिळतात, आणि ही मदत खऱ्या अर्थाने वेळेवरची आहे.

बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेस आता काही किंमत उरलेली नाही, असे सांगून मुलांना केवळ नावापुरते ज्युनियर कॉलेजात दाखल करविण्याची प्रथा बळावली आहे. २०१३ ते २०१६ या काळात मेनच्या क्रमवारीत बोर्डाच्या गुणांना चाळीस टक्के भार होता. २०१७ पासून तो काढून टाकला. त्यातून ही समजूत पसरली. परंतु आयआयटी व एनआयटीच्या प्रवेशासाठी बारावीत एकंदर ७५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांस ६५ टक्के, अथवा आपल्या मंडळाच्या अव्वल वीस पर्सेंटाइलमध्ये स्थान, ही अट कायम आहे. परीक्षेत क्रमांक मिळूनही या अटीपाशी अडलेल्या मुलाचे दुःख फार मोठे असते, कारण ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनदाच देता येते.

‘पर्सेंटाइल’ या शब्दाने तर घराघरांत गोंधळ माजविला आहे. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्यांपैकी शेकडा नव्वद जण आपल्या बरोबरीस वा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. चौदा लाख पंधरा हजारांच्या मेळ्यात नव्याण्णव पर्सेंटाइल मिळविलेल्या मुलाच्याही पुढे सुमारे चौदा हजार जण असतात, आणि २०२४ साली ॲडव्हान्स्डला बसण्यासाठी खुल्या गटाची मर्यादा ९३.२४ पर्सेंटाइलच्या आसपास होती, म्हणजे साधारण पंचाण्णव हजारांच्या आतला क्रमांक. उलट ॲडव्हान्स्डमध्ये त्याच वर्षी खुल्या गटातून गुणवत्ता यादीत येण्यास ३६० पैकी १०९ गुण पुरले. यादीत येणे म्हणजे जागा मिळणे नव्हे, हे खरे. तथापि सर्व प्रश्न सुटलेच पाहिजेत या धास्तीने जी मुले आठवीपासून झोप गमावतात, त्यांना हा आकडा ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते.

मराठी माध्यमाच्या मुलाने या वाटेस जाऊ नये, ही समजूत अन्यायकारक आहे. मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत देता येते. ॲडव्हान्स्डची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत असते, ही वस्तुस्थिती लपविण्यात अर्थ नाही. म्हणून मराठी शाळेतून मूल काढण्याची गरज नसून, आठवीपासून गणित-विज्ञानाच्या पारिभाषिक शब्दांची इंग्रजी जोड हळूहळू देत जाणे, एवढी तजवीज पुरते. सेमी-इंग्रजी वर्ग अनेक शाळांत त्यासाठीच आहेत. त्वरण म्हणजे काय हे ज्याला उमगले आहे, त्याला ॲक्सिलरेशन हा शब्द आठवड्यात येतो.

जाहिरातींतील छायाचित्रांविषयी थोडक्यात सांगतो. यशस्वी विद्यार्थ्याने सात वर्षांचा वर्ग केला होता की केवळ शेवटच्या दोन महिन्यांची टेस्ट सिरीज घेतली होती, हे चेहऱ्यावरून कळत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याने घेतलेल्या अभ्यासक्रमाचे नाव व मुदत जाहीर करणे आवश्यक आहे, आणि त्याची लेखी संमती निकालानंतर घेतलेली असली पाहिजे. हे विचारण्याचा संकोच करू नये.

आयआयटी ही एकच वाट, आणि तीही श्रीमंतांचीच, या दोन समजुती जोडीने वावरतात. मूलभूत विज्ञानाची ओढ असलेल्यास पुण्यासह सात ठिकाणच्या आयसर संस्था आहेत, त्यांची परीक्षा निराळी; गणितात रमणाऱ्यास कोलकाता व बंगळूर येथील भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची गणित संस्था आहे; आणि आपल्या राज्यातच १८५४ पासूनचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, १८८७ पासूनची माटुंग्याची व्हीजेटीआय, १९३३ पासूनची रसायन तंत्रज्ञानाची आयसीटी उभी आहेत. राज्याच्या सीईटीत सुमारे ऐंशी टक्के प्रश्न बारावीवर आणि वीस टक्के अकरावीवर असतात व चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. तेव्हा तिची तयारी वेगळ्या बेताने करावी लागते. पदवीनंतर गेट परीक्षेद्वारे आयआयटीत जाण्याची वाटही खुली असतेच. खर्चाविषयी म्हणाल, तर २०१६ साली आयआयटीची वार्षिक शिक्षण फी नव्वद हजारांवरून दोन लाखांवर नेली हे खरे. परंतु त्याच वेळी अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि एक लाखाच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांस संपूर्ण फी माफी, व एक ते पाच लाख उत्पन्न असलेल्यांस दोन तृतीयांश माफी लागू झाली. मुलींसाठी २०१८ पासून वाढीव जागाही आहेत. हे ठाऊक नसल्यामुळे अर्जच न करणारी घरे मी पाहिली आहेत.

आता ज्या एका कामास खरोखर लवकर आरंभ केला पाहिजे आणि जे बहुधा कोणी करीत नाही, त्याकडे वळतो. ते काम दाखल्यांचे आहे. इतर मागासवर्गाचा नॉन-क्रीमी लेअर दाखला आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, हे दोन्ही केंद्राच्या नमुन्यात आणि प्रवेशाच्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले असावे लागतात. राज्याच्या नमुन्यातील, तीन वर्षांच्या मुदतीचा दाखला पेटीत जपून ठेवला आहे म्हणून निर्धास्त राहिलेले पालक जून महिन्यात सेतू केंद्र आणि तहसील कचेरी यांच्यामध्ये हेलपाटे घालताना दिसतात, आणि इकडे जागावाटपाच्या फेऱ्या चालू झालेल्या असतात. राज्याच्या यादीत असलेली जात केंद्राच्या यादीत असेलच असे नाही, हेही आधी पडताळून घ्यावे लागते. राज्यातील राखीव जागांसाठी तर जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदी, महसुली उतारे, जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील नकला गोळा कराव्या लागतात. जीर्ण दप्तरातून एखादी नोंद शोधून काढण्यास महिनेच्या महिने लागतात, आणि ते काम मूल सहावीत असताना केले तरी वाया जात नाही.

हे सर्व मी त्या गृहस्थांना सांगितले, तोवर मुलगी ओट्यावर बसून माझ्या पाटीवर अपूर्णांक मांडीत होती. शनिवारचा हप्ता त्यांनी भरला नाही. पुढच्या सोमवारी, आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल मिळविण्यासाठी, ते तालुक्याच्या जुन्या शाळेत गेले.