दुसऱ्याचा खेळ पाहणारी मुले



दुसऱ्याचा खेळ पाहत बसणे ही काही आजच्या मुलांनी काढलेली नवी खोड नव्हे. चौकात कॅरमचा डाव मांडला की खेळणारे चार आणि भोवती वाकून उभे राहिलेले चौदा, हे दृश्य आपण सर्वांनीच पाहिले आहे. किंबहुना खेळ न पाहता तो नुसता ऐकण्यातही केवढी गोडी असते, हे आमच्या वडिलांच्या पिढीला बाळ ज. पंडित यांच्या मराठी क्रिकेट-समालोचनाने दाखवून दिले होते. तेव्हा आपला मुलगा कोणा अनोळखी तरुणाला संगणकावर खेळताना तासन् तास का पाहतो, याचे फारसे नवल वाटायला नको. मुले ज्याला नुसते 'गेमिंग' म्हणतात, त्या चित्रफितींत ती खेळ पाहतात, खेळणाऱ्याचे कसब पाहतात आणि सर्वांत अधिक म्हणजे त्याचे बोलणे ऐकतात. प्रश्न आहे तो निराळाच. जे पाहिले-ऐकले जात आहे ते मुलाच्या वयाला मानवणारे आहे किंवा नाही, हे आईबापांनी ओळखावे कसे?

या परीक्षेत मी स्वतः एकदा साफ नापास झालो आहे. नोकरीनिमित्त आमचे बिऱ्हाड दिल्लीस. मुलगा तेव्हा चौथीत होता. सुट्टीच्या एका दुपारी तो टीव्हीवर एक चित्रफीत पाहत होता. काळोखी गुहा, कोठून तरी चाल करून येणारे हाडांचे सांगाडे, हिरवट अंगाची प्रेते, आणि त्यांच्यावर तलवार चालविणारा चौकोनी ठोकळ्यांचा एक माणूस. मी ती तत्काळ बंद केली व काहीतरी चांगले पाहण्याविषयी बजावले. त्याने निमूटपणे दुसरी लावली. तिच्यात लख्ख ऊन होते, रुंद रस्ते होते, रंगीबेरंगी मोटारी होत्या आणि जपानी व्यंगचित्रांतला, मुलांच्या ओळखीचा तो खोडकर शिनचॅन होता. मी निश्चिंत मनाने आत जाऊन फाइली वाचीत बसलो.

पुढे काही दिवसांनी जेवताना त्याने आपल्या आईला फ्रँकलिन नावाच्या गृहस्थाची दिनचर्या सांगितली. सकाळी मोटार पळवायची, दुपारी दुकान लुटायचे, संध्याकाळी पोलिसांना चकवायचे. तेव्हा आमचे डोळे उघडले. मी बंद केलेली चित्रफीत माइनक्राफ्ट या खेळाची होती. युरोपातील 'पेगी' या वर्गीकरणाने तो ७ वर्षांवरील मुलांसाठी योग्य ठरविला आहे. मी ज्याला मूक संमती दिली तो खेळ होता ग्रँड थेफ्ट ऑटो ५. २०१३ साली आलेल्या या खेळावर त्याच पेगीने '१८ वर्षांवरील' असा शिक्का मारला आहे, कारण चोरी, दरोडे आणि गोळीबार हाच त्याचा विषय. मूळ खेळात शिनचॅन नाहीच; ही पात्रे हौशी मंडळींनी बाहेरून आणून बसविलेली असतात. अशा हिंदी चित्रफितींचे नुसते पीक आलेले आहे. त्या सगळ्याच वाईट असतात असे मी म्हणणार नाही. कित्येकींत मोटारींनी डोंगरावरून उड्या मारण्यापलीकडे काही घडत नाही. परंतु त्या मुलाला ज्या दाराशी नेऊन सोडतात, ते दार प्रौढांचे आहे.

तात्पर्य, चित्राच्या रंगावरून खेळाची जात ओळखता येत नाही. याचे आणखी एक उदाहरण म्हणजे २०२१ साली निघालेला पॉपी प्लेटाइम. त्यातली निळी, केसाळ, लांब हातांची बाहुली पाहून कोणालाही ते तान्ह्या मुलाचे खेळणे वाटावे. तिने तोंड उघडले की दातांच्या रांगा दिसतात. तो उघड उघड भयाचा खेळ आहे.

यासाठी पहिले काम सोपे आहे. चित्रफितीत कोणता खेळ आहे त्याचे नाव मुलाला विचारावे आणि त्या खेळाची वयोमर्यादा पाहून घ्यावी. अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून अशी वर्गीकरणे चालू आहेत व ती कोणालाही पाहता येतात. तथापि येथेच थांबणारे पालक माझ्यासारखेच फसतील. शिक्का असतो तो खेळावर, चित्रफितीवर नव्हे. आपल्याकडे चित्रपटाला प्रमाणपत्र लागते. २०२४ च्या नियमांनी तर त्यात ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पेही पाडले आहेत. घरपोच मालिका दाखविणाऱ्या कंपन्यांनाही २०२१ च्या नियमांनुसार आपल्या मालाचे वयपरत्वे वर्गीकरण करावे लागते. पण कोणी एक तरुण आपल्या खोलीत बसून खेळतो, बोलतो आणि ते यूट्यूबवर चढवितो, त्याची आधी छाननी करून प्रमाणपत्र देणारे मंडळ कोठेच नाही. खेळावर बंदी आली तरी त्याच्या चित्रफिती राहतात, हेही पब्जीच्या बाबतीत २०२० मध्ये आपण पाहिले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अशा चित्रफितीत खेळ निम्माच असतो. उरलेला निम्मा भाग खेळणाऱ्याच्या आवाजाचा, आणि मुलाच्या मनात घर करतो तो मुख्यत्वे हाच. म्हणून माझी सूचना थोडी विचित्र वाटेल. आकाशवाणीवरून केली जात असल्यामुळे ती पक्षपाती आहे असाही आक्षेप येईल. पडद्याकडे पाठ करून बसा आणि दहा मिनिटे नुसते ऐका. आरंभीची दहा मिनिटे नकोत. आरंभी सगळेच गोड बोलतात. मधली घ्या, खेळ रंगात आलेला असतानाची. डाव हरल्यावर हा मनुष्य काय बोलतो? जोडीदाराच्या चुकीने हरला तर त्याला काय म्हणतो? समोर एखादी मुलगी खेळत आहे असे कळताच त्याचा सूर पालटतो काय? काही जण शिवीच्या जागी 'टूं' असा आवाज घालतात. त्याने शिवी झाकली जात नाही, तिचे कोडे तयार होते, आणि कोडी सोडविण्यात मुले आपल्यापेक्षा तरबेज असतात.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथील मराठी घरांना यात एक जादा अडचण आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि चित्रफितीत हिंदी. हिंदी आपण अर्ध्या कानाने, कामापुरती ऐकतो. तिच्यातले गल्लीतले शब्द आपल्याला कळत नाहीत, किंवा कळूनही बोचत नाहीत, कारण परक्या भाषेतली शिवी कानाला बोथट लागते. मुलाला मात्र ती भाषा परकी नसते. त्याच्या खेळाच्या मैदानाची तीच भाषा आहे.

उलट, चांगला समालोचक कानाला लगेच ओळखू येतो. तो कारणे सांगतो. येथे खणले ते का, पूल उजवीकडून बांधला तो का, मघाशी चूक झाली ती कोणती. त्याच्या बोलण्यात थांबे असतात. जो दर तीन सेकंदांनी किंचाळतो, त्याच्यापाशी सांगण्यासारखे फारसे नसते. तो केवळ मुलाने उठून जाऊ नये म्हणून ओरडत असतो.

थेट प्रक्षेपणाची गोष्ट आणखी निराळी. तेथे काटछाट नाही, आणि खेळाच्या शेजारून अनोळखी लोकांच्या शेऱ्यांची एक धार सतत वाहत असते. लहान मुलांसाठी ते नकोच, असे माझे मत आहे.

आवाज ऐकताना आणखी एका गोष्टीकडे कान असू द्यावा. तो काही विकतो आहे काय? 'फुकट हिरे' किंवा 'फुकट कूपन' मिळविण्याचा उपाय सांगणारी चित्रफीत बहुधा मुलाला दुसऱ्या कोठल्या तरी संकेतस्थळावर नेते आणि तेथे आपला फोन क्रमांक वा सांकेतिक शब्द मागितला जातो. पैसे लावून खेळावयाचे खेळ व त्यांच्या जाहिराती यांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे. तेव्हा कोणी समालोचक अशा खेळाची शिफारस करताना आढळला, तर त्याच्याविषयी अधिक विचार करण्याची गरजच उरत नाही.

यंत्रातल्या सोयींविषयी थोडक्यात. मुले बहुधा वडिलांच्या फोनवर किंवा वडिलांच्या नावाने जोडलेल्या टीव्हीवर पाहतात. त्यामुळे पलीकडच्या यंत्रणेच्या दप्तरी प्रेक्षक म्हणून चाळिशी उलटलेल्या गृहस्थाची नोंद होते आणि प्रौढांसाठी राखून ठेवलेले सर्व काही त्याला खुले राहते. हे टाळावयाचे तर मुलांसाठीचे निराळे यूट्यूब भारतात २०१६ पासून उपलब्ध आहे. त्यात ४ वर्षांपर्यंत, ५ ते ८ आणि ९ ते १२ असे विभाग आहेत. त्याहून मोठ्या मुलासाठी पालकांच्या देखरेखीचे खाते काढता येते. पुढची चित्रफीत आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. 'मुलांसाठी' अशी खूण म्हणजे गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नव्हे. मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल अमेरिकेत २०१९ साली यूट्यूब व तिची मालक कंपनी यांना १७ कोटी डॉलर भरावे लागले, आणि त्यानंतर जानेवारी २०२० पासून ही घोषणा करणे चित्रफीत चढविणाऱ्यांवर आले. तिचा संबंध जाहिराती आणि माहितीशी आहे. ती घोषणा करणारा स्वतःच करतो, हे ध्यानात ठेवावे.

आमच्या घरी सध्या चाललेली व्यवस्था सांगतो. नवा समालोचक असला की त्याची दहा मिनिटे मी ऐकतो. मुलगा शेजारी बसतो आणि मला न कळलेले मध्येच थांबवून समजावून देतो. मी बंद पाडलेल्या त्या ठोकळ्यांच्या जगात रेडस्टोन नावाच्या तांबड्या भुकटीने तारा ओढून आपोआप उघडणारी दारे करता येतात, हे मला गेल्या महिन्यात कळले. विजेचे जे मंडल मला शाळेत धड समजले नव्हते, ते त्याने मला त्या दारावरून समजावले. हिंदीतले दोन समालोचक नामंजूर झाले, एक मंजूर झाला. शिनचॅनच्या मोटारी आम्ही एकत्र बसून पाहिल्या, आणि फ्रँकलिनच्या उद्योगांविषयी बरेच बोलणे झाल्यावर त्या त्याने आपणहून कमी केल्या. अगदी सोडल्या असे मात्र नाही. थेट प्रक्षेपण पाहण्याविषयीचा त्याचा अर्ज मी दोनदा फेटाळला आहे. तिसरा विचाराधीन आहे, आणि या वेळी त्याने सोबत आपल्या आईची शिफारस जोडली आहे.