सुईआधी प्लग तपासा
नायट्रोवर चालणारा रिमोटचा ट्रक सुरू होऊन लगेच बंद पडला, की हात आधी कार्ब्युरेटरच्या सुईकडे जातो. जायला हवा तो ग्लो प्लगकडे. या टू-स्ट्रोक इंजिनात ठिणगी नसते, प्लॅटिनमयुक्त तारेची धग इंधनातले मिथेनॉल पेटवते. प्लग काढून १.५ व्होल्टच्या इग्नायटरला लावा: तार लख्ख नारिंगी होत नसेल, तर सुई कितीही फिरवून उपयोग नाही. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषते, म्हणून उघड्या राहिलेल्या डब्यातले इंधनही बदलून पाहा. सुई फिरवायला पैसे थोडेच पडतात, असे कोणी म्हणेल. पण इंजिनाचे वंगण इंधनातूनच येते. सुई जास्त आवळली, की इंधनाबरोबर तेलही कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन झिजतो. म्हणून सुई शेवटी, तीही एका वेळी १/८ फेराच.