एप्रिलमध्ये थायलंड? भिजायची तयारी ठेवा!

परीक्षा संपत आल्या की कॉलेजच्या ग्रुपवर 'थायलंड करू या का?' हा मेसेज पडतोच. डिसेंबरच्या मानाने हॉटेलंही स्वस्त दिसतात. ती का स्वस्त आहेत, हे मात्र बुकिंग करण्याआधी बघा.

परदेशी वेबसाइट्सवर याला 'स्प्रिंग' म्हणत असतील, पण तिथला मार्च ते मे म्हणजे सरळसरळ उन्हाळा. त्यातही एप्रिल सगळ्यात तापलेला. बँकॉकमध्ये दुपारी पारा ३५-३६ अंशांवर जातो. 'एवढंच? आमच्या नागपुरात या!' असं म्हणू नका. नागपूरचं ऊन कोरडं, हे दमट. घाम वाळतच नाही. मुंबईकरांना कल्पना येईल. त्यामुळे देवळं आणि ग्रँड पॅलेस सकाळीच उरका. तिथे खांदे-गुडघे झाकलेले लागतात, शॉर्ट्स चालत नाहीत. आपला सुती कुर्ता आणि ढगळ पँट बेस्ट. दुपार मॉलच्या एसीत काढा.

उत्तरेला चियांग माईचा प्लॅन असेल, तर जरा थांबा. उन्हाळ्यात तिकडे शेतं आणि जंगलं जाळली जातात आणि शहरावर धुराचा थर बसतो. ग्रुपमध्ये कुणाला दमा असेल, तर हा टप्पा सरळ कापा आणि समुद्राकडे वळा. फुकेत, क्राबीकडे पावसाळा साधारण मेमध्ये सुरू होतो, म्हणजे एप्रिलमध्ये बीच मिळतो.

आता खरी मजा. १३ ते १५ एप्रिल म्हणजे सोंगक्रान, थाई नववर्ष. शब्द ओळखीचा वाटला ना? संस्कृत 'संक्रांती'चंच हे थाई रूप. सूर्य मेष राशीत जातो तो सण, म्हणजे आपल्याकडच्या बैसाखी आणि विशूचा भाऊ. २०२३मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. घरात धाकटे थोरांच्या हातांवर सुगंधी पाणी ओततात आणि आशीर्वाद घेतात. रस्त्यावर मात्र धुमाकूळ! बँकॉकच्या सिलोम आणि खाओसान रोडवर पिचकाऱ्या, बादल्या, गालांना पांढरी पेस्ट. कोरडं राहायची आशाच सोडा. मोबाइल आणि पासपोर्टसाठी वॉटरप्रूफ पाऊच घ्या. भिक्षू, म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं यांच्यावर पाणी उडवायचं नाही. आणि 'सण आहे' म्हणून कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. होळीत आपल्याकडे जे खपवून घेतलं जातं, ते तिथे तर नकोच.

या दिवसांत लोक गावी जातात. बस-रेल्वे फुल्ल, छोटी दुकानं बंद. गणपतीतलं कोकण आठवा. शहर बदलायचं असेल, तर तिकिटं खूप आधी काढा.

आणि स्कूटर. इथेच बहुतेक ग्रुप फसतात. भाड्याने देणारा लायसन्स विचारेलच असं नाही, पण पोलीस विचारतात. दुचाकीची नोंद असलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतून आधी काढा. ते नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि हॉस्पिटलचं बिल आईबाबांकडे येतं. सोंगक्रानच्या आठवड्याला तिथे 'सात धोकादायक दिवस' म्हणतात ते उगाच नाही. ओले रस्ते, प्यायलेले चालक आणि तोंडावर येणारी पाण्याची बादली. त्या आठवड्यात बँकॉकमध्ये मेट्रोच बरी.

१ मे २०२५पासून तिथे डिजिटल अरायव्हल कार्डही भरावं लागतं. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, सरकारी साइटवर, फुकट. पैसे मागणारी साइट दिसली, तर ती बंद करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकीट काढण्यापूर्वीच तपासा.

शाकाहारी मंडळींनी 'जे' हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नसतं; कांदा-लसूणही नाही. बाकी ठिकाणी साध्या भाजीतही फिश सॉस पडतो. गोडाला मात्र काळजी नाही. एप्रिल म्हणजे तिथेही आंब्याचा सीझन. चिकट भात, वर नारळाचं दूध आणि बाजूला पिवळाधमक आंब्याच्या फोडी. हापूसशी तुलना परत आल्यावर करा.