जुना ब्राउझर आणि नवे संकेतस्थळ

कार्यालयातील संगणकावर सुबक दिसणारे संकेतस्थळ घरच्या जुन्या संगणकावर विस्कटलेले दिसते, असा अनुभव अनेकांनी घेतला असेल. कधी बटण दाबूनही काही घडत नाही, तर कधी ‘आपला ब्राउझर अद्ययावत करा’ एवढीच सूचना मिळते आणि पुढचे दार बंद होते. वृत्तपत्र वाचताना ही गैरसोय सहन करता येते. बँकेच्या बाबतीत मात्र प्रश्न स्वतःच्याच खात्यापर्यंत पोहोचण्याचा असतो. म्हणून त्यामागील कारणे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

मानकांची गरज

संकेतस्थळाचे पान आपल्याकडे तयार चित्राच्या रूपात येत नाही. येतात त्या सूचना. मजकुराची रचना एचटीएमएल सांगते, त्याचे रूप सीएसएस ठरवते आणि पानाची हालचाल जावास्क्रिप्टच्या हाती असते. या सूचना वाचून पान मांडण्याचे काम ब्राउझरचे. प्रत्येक ब्राउझरने त्यांचा एकच अर्थ लावावा, यासाठी महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ ही संस्था स्थापन केली. तिने प्रसृत केलेले नियम म्हणजेच वेब मानके.

नियम झाले, तरी ते सर्वांनी सारखेच पाळले असे नाही. एखाद्या चौकटीची रुंदी सांगितली, तर ती केवळ आतील मजकुराची समजायची, असा सीएसएसचा मूळ नियम होता. इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र त्या रुंदीत कडा आणि आतील मोकळी जागाही धरत असे. परिणामी तेच पान दोन ब्राउझरांत दोन मापांचे दिसे. २००१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत, पानाच्या आरंभी योग्य घोषणा असल्यास, हा दोष दूर झाला. पण इतर अनेक उरले. सातवी आवृत्ती येण्यास २००६ उजाडले. पाच वर्षांच्या या काळात असंख्य संकेतस्थळे मानकांऐवजी त्या एका ब्राउझरच्या लकबींना धरून बांधली गेली.

एकाच ब्राउझरवर विसंबण्याची किंमत

या परावलंबनाचे ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचे. १९९० च्या दशकात अमेरिकेने सबळ सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. म्हणून कोरियाने ‘सीड’ ही स्वतःची पद्धत विकसित केली. ती ब्राउझरांत अंगभूत नसल्याने ‘ॲक्टिव्हएक्स’ या पूरक प्रणालीद्वारे वापरली गेली, आणि ॲक्टिव्हएक्स चाले ते इंटरनेट एक्सप्लोररमध्येच. अमेरिकेचे निर्बंध २००० मध्ये शिथिल झाले, तरी कोरियातील सवय सुटली नाही. अन्य ब्राउझर वापरणाऱ्यांना ऑनलाइन बँकिंग कित्येक वर्षे दुरापास्तच राहिले. या व्यवस्थेचा कणा असलेल्या अधिकृत प्रमाणपत्राचा विशेष दर्जा संपुष्टात आला, तो थेट डिसेंबर २०२० मध्ये. सुरक्षिततेसाठी योजलेला तात्पुरता उपायच पुढे अडसर ठरला.

मधला मार्ग

मग जुना ब्राउझर वापरणाऱ्या ग्राहकाचे काय? त्याला नव्यासारखेच पान दाखवण्याचा अट्टहास धरला, तर खर्च वाढतो आणि नवी वैशिष्ट्ये अडून राहतात. त्याला सरसकट नाकारणे हाही न्याय नव्हे. संगणक बदलणे प्रत्येकाच्या आवाक्यात असतेच असे नाही. यावर २००३ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ म्हणजे क्रमशः समृद्धी ही संकल्पना मांडली गेली. प्रथम साध्या एचटीएमएलमध्ये काम पूर्ण होईल अशी पायाभरणी करावी, त्यावर सीएसएसने रूप द्यावे आणि शेवटी जावास्क्रिप्टने सोयी जोडाव्यात, असा तिचा क्रम आहे. उदाहरणार्थ, खातेउताऱ्यासाठी तारीख निवडताना नव्या ब्राउझरमध्ये दिनदर्शिका उघडेल. जुन्यात तारीख टंकित करावी लागेल. उतारा मात्र दोघांनाही मिळेल. तसेच ब्राउझरचे नाव विचारून निर्णय घेण्याऐवजी, अमुक सुविधा त्यात आहे का हे तपासणे अधिक विश्वसनीय ठरते.

जिथे तडजोड नाही

रूपात उणीव चालते. कुलपात चालत नाही. ग्राहक आणि बँक यांच्यातील माहिती टीएलएस या पद्धतीने सांकेतिक रूपात जाते. तिच्या १९९९ आणि २००६ मधील पहिल्या दोन आवृत्ती मार्च २०२१ मध्ये औपचारिकरीत्या कालबाह्य ठरवण्यात आल्या. जुन्या ग्राहकांसाठी त्या चालू ठेवाव्यात, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जुना मार्ग खुला ठेवल्यास हल्लेखोर अद्ययावत ब्राउझरलाही त्या मार्गाकडे वळवू शकतो. टीएलएसची पूर्वज असलेल्या एसएसएल ३.० च्या बाबतीत, २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘पूडल’ त्रुटीने हेच दाखवून दिले. एकाची सोय अशा रीतीने सर्वांची जोखीम बनते.

बँकिंग क्षेत्राला असे स्थित्यंतर नवे नाही. सीटीएस-२०१० मानकांनुसार नसलेले धनादेश एका दिवसात रद्द झाले नव्हते. त्यांच्यासाठी २०१४ पासून स्वतंत्र समाशोधन सत्रे ठेवली गेली, त्यांची वारंवारता टप्प्याटप्प्याने घटवण्यात आली आणि ३१ डिसेंबर २०१८ पासून ती बंद झाली. ग्राहकाला पूर्वसूचना, पुरेसा अवधी आणि पर्याय मिळाला. ब्राउझरच्या बाबतीतही हेच सूत्र योग्य ठरते.

ग्राहकांनी आपला ब्राउझर आणि संगणकाची कार्यप्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी; ती मात्र निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच. ई-मेलमधील दुव्यावरून किंवा अचानक उघडलेल्या खिडकीतून ‘अद्ययावत’ करणे टाळावे. संगणक फारच जुना असेल, तर तो बदलला जाईपर्यंत त्यावरून आर्थिक व्यवहार न करता शाखेत किंवा एटीएमवर करणे हेच श्रेयस्कर.